पत्रिकेच्या वरची ओळ

छापखान्याचा धंदा 'उद्या'वर चालतो. गिऱ्हाईक विचारतं, कधी मिळेल? आपण म्हणायचं, उद्या. उद्या ते आलं की म्हणायचं, शाई वाळायची आहे, उद्या या. माझे वडील हे इतक्या प्रेमानं म्हणत की गिऱ्हाईक चहा पिऊन, वर आभार मानून परत जाई. नागपूरच्या सदर भागातल्या आमच्या छापखान्यात हे न जमणारा एकच माणूस होता, आमचा कंपोझिटर. त्यांना आम्ही सगळे दादा म्हणायचो.

दादा खिळे जुळवायचे. लाकडी केसच्या खणांतून शिशाचं एकेक अक्षर उचलून ओळ लावायची, ओळींचं पान करायचं, पान ट्रेडल मशीनवर चढवायचं, हे त्यांचं काम. हात इतका चालायचा की बघणाऱ्याला ते केसमधले दाणे वेचताहेत असं वाटे. पण गिऱ्हाइकानं "उद्या मिळंल नं?" असं विचारलं, की हात थांबायचा आणि दादा खरं सांगायचे. "नाई होत उद्या. परवा सांजच्यापारी होईन." वडील गल्ल्यामागे कपाळाला हात लावायचे.

छप्पन साली, विशीत असताना, दादांनी आईवडिलांबरोबर इथंच नागपुरात दीक्षा घेतली होती. तेव्हा सगळ्यांसमोर जे पाच शब्द दिले, ते ते रोज सकाळी केस उघडण्याआधी ओठांतल्या ओठांत म्हणत. हिंसा नाही, चोरी नाही, व्यभिचार नाही, खोटं नाही, दारू नाही. वडील थट्टेनं म्हणत, "बाकी चार पाळा, चौथ्याला दुकानात जरा सूट द्या." दादा हसत, पण सूट देत नसत. शेवटी वडिलांनी त्यांना गिऱ्हाइकांपासून लांब, मागच्या खिडकीशी बसवलं.

लग्नपत्रिकांना मात्र त्यांनाच पुढे बोलवावं लागे. मी अडुसष्ट साली बी.ए. होऊन छापखान्यात आलो आणि पहिल्याच लगीनसराईत त्याचं कारण समजलं. पत्रिका द्यायला माणूस आला की दादा हात पुसून पुढे येत, कागद-पेन्सिल घेत आणि नावगाव विचारायच्या आधी एकच विचारत: "पत्रिकेच्या वर काय येईन?" कोणी म्हणे गणपती. कोणी कुलदेवीचं नाव सांगे. भिवापूरच्या एका मिरचीच्या व्यापाऱ्यानं पाच देव सांगितले; दादांनी पाचही बसवले आणि नवरदेवाला दोन ओळी खाली सरकवलं. आणि कोणी बौद्ध कुटुंबातला माणूस असला तर तो आधी माझ्या वडिलांकडे बघे, मग दादांकडे, आणि हलक्या आवाजात सांगे. दादा ते कागदावर लिहून घेत आणि खाली दोनदा रेघ ओढत. बुद्धाच्या चित्राचा ब्लॉक, म्हणजे छापायचा ठसा, त्यांनी स्वतः करवून आणला होता, तो कापडात गुंडाळून केसच्या वरच्या खणात असे.

त्या एका प्रश्नात जात विचारलेली नसे आणि तरी सगळं विचारून झालेलं असे. मला तेव्हा हे एवढं कळलं नव्हतं. मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसांच्या सवयी असतात तशीच ही एक. दादा तेव्हा पस्तिशीचेही नव्हते, पण मी तेविसाचा होतो.

वडील गेल्यावर धंदा माझ्या हातात आला आणि माझ्या डोक्यात वारं शिरलं. ऐंशी सालानंतर शहरात दर महिन्याला एखादा छापखाना पाटी बदलत होता. जुन्या नावाच्या शेवटी 'ग्राफिक्स' लागलं की माणूस एकदम सुटाबुटात वावरायला लागे. त्र्याऐंशीत मीही लावलं. सदरची जागा तशीच ठेवली, आणि रामदासपेठेत एक खोली घेऊन त्यात फोटोटाइपसेटिंगचं मशीन बसवलं. कीबोर्डवर मजकूर टाकायचा. डोळ्यासमोर छोट्या हिरव्या पट्टीत जेमतेम एक ओळ दिसे. मशीन तो मजकूर फोटोच्या कागदावर उमटवी. त्या कागदाला ब्रोमाइड म्हणत. ते रसायनात धुवायचं, वाळवायचं, कापायचं, आणि चौकटीच्या कागदावर चिकटवून ऑफसेटवाल्याकडे पाठवायचं. शिसं नाही, शाईचे हात नाहीत. खोलीला एअरकंडिशनर होता. धूळ चालत नाही म्हणून चपला दाराबाहेर. दसऱ्याला आम्ही मशीनला झेंडूचा हार घातला तेव्हा ऑपरेटर मुलगी म्हणाली, "सर, पाकळ्या आत जातीन ना!" आणि मग हार बाजूच्या खुर्चीला घातला.

दादांचं काय करायचं, हा प्रश्न मी फार हुशारीनं सोडवला असं मला वाटलं. त्यांना मी प्रूफं तपासायला दिली. सदरमध्ये सकाळचं काम करून ते चार वाजता सायकलनं रामदासपेठेत येत. दाराबाहेर चपला काढून, पाय झटकून आत येत आणि काचेच्या अलीकडच्या लाकडी टेबलाशी बसून ब्रोमाइडं वाचत. जे बरोबर असे त्याच्या उजव्या कोपऱ्यात लाल पेन्सिलनं बारीक बरोबरची खूण. ती खूण असल्याशिवाय काही बाहेर जायचं नाही, हा नियम मीच केला होता.

मी आणखी एक गोष्ट केली. पत्रिकांसाठी छापील फॉर्म काढला. वराचं नाव, वधूचं नाव, तिथी, वेळ, स्थळ, प्रती. गिऱ्हाइकानं भरून द्यायचा, कोणी काही विचारत बसायचं नाही. दादांनी तो उलटसुलट करून बघितला.

"भाऊ, यात वर काय येईन ते नाई लिवलं."

"दादा, आता कोण जातपात विचारतं?" मी म्हणालो. हे म्हणताना मला स्वतःचा किती अभिमान वाटला होता, ते आठवलं की आजही कान गरम होतात.

"मी कधी विचारली?" दादा म्हणाले. एवढंच म्हणाले आणि फॉर्म टेबलावर ठेवून दिला.

माझा देव आपोआप येणार होता, म्हणून मला विचारायची गरज वाटत नव्हती, हे साधं सत्य मला दिसलं नाही. मशीनमध्ये मी लग्नपत्रिकेचा साचा भरून ठेवला होता. एक कळ दाबली की 'श्री गणेश प्रसन्न' आणि 'आमचे येथे श्रीकृपेकरून' ही सुरुवात स्वतःहून येई. चौकटीचे कागदही शंभरभर तयार करून ठेवलेले, प्रत्येकावर मधोमध गणपती. कोणाचं वेगळं असेल तर तो सांगेलच, असं मी धरून चाललो होतो.

पंचाऐंशीचा एप्रिल. ऑपरेटर मुलगी सुट्टीवर होती आणि लगीनसराई डोक्यावर बसली होती, म्हणून मी स्वतः मशीनवर बसलो. त्या दिवशीच्या पत्रिकांत एक दादांच्या वस्तीतली होती. मुलीचे वडील रेल्वेत होते, दादांच्या घरापासून दोन घरं सोडून राहायचे. दादांनीच त्यांचं काम आमच्याकडे आणलं होतं, "आमच्या भाऊनं नवी मशीन आणली, पत्रिका पाहाल तर पाहातच राहाल," असं सांगून. मजकूर दादांनी स्वतःच्या हातानं लिहून दिला होता. सगळ्यात वर 'नमो बुद्धाय' आणि खाली दोन रेघा.

मी कळ दाबली आणि नावापासून टाइप करायला घेतलं. वरचं तर मशीन टाकतंच. सकाळपासूनची ती अकरावी किंवा बारावी पत्रिका होती. बाहेर ऑफसेटवाल्याचा माणूस उभा होता, त्याला दोन वाजता प्लेट करायची होती. दादा चारला येणार. मी ब्रोमाइड धुतलं, फटकन कापलं, तयार चौकटीवर चिकटवलं आणि देऊन टाकलं. लाल खुणेसाठी दोन तास कोण थांबतो?

दुसऱ्या दिवशी पत्रिकांचा गठ्ठा न्यायला दादा आले. पाकिटात भरलेल्या, सुतळीनं बांधलेल्या. "प्रूफ कोणं पाह्यलं?" त्यांनी विचारलं.

"मी पाहिलं. बिनधास्त न्या."

दादांनी गठ्ठा सायकलच्या कॅरिअरला बांधला. निघताना वळून म्हणाले, "आज सांजच्यापारी विहारात पयली पत्रिका ठेवून राहिले. मले वाचाले सांगतलं." ते खूश होते.

विहारात काय झालं ते मला त्यानंतरच्या सकाळी मुलीच्या वडिलांकडूनच कळलं. मी कुलूप उघडलं आणि ते तीन-चार जणांबरोबर आत आले. चपला कोणी काढल्या नाहीत आणि काढा म्हणायची माझी छाती झाली नाही. दादा त्यांच्या मागून आले. ते मात्र सवयीनं दाराशी चपला काढून आत आले आणि पाण्याच्या माठाशी उभे राहिले.

मुलीचे वडील ओरडत नव्हते. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी पत्रिका माझ्यासमोर टेबलावर ठेवली.

"पूर्ण वस्ती बसली होती," ते दादांकडे हात करून म्हणाले. "आमी याईले मानानं उभं केलं, पाकीट हाती देल्लं. मनलं, वाचा. याईनं उघडली अन् नुसते उभे. वाचून नाई राहिले. पोट्ट्यानं हातातून घेतली तवा समजलं." मग त्यांनी गणपतीवर बोट ठेवलं. "आमच्या बापानं छप्पन साली घरातले देव बाहेर काढले, साहेब. काय सोसलं त्यानं, ते आमाले मालूम. अन् तुमी माह्या लेकीच्या पत्रिकेवर परत आणून बसवले. काहून?"

त्यांच्यातला एक तरुण म्हणाला, "चुकून नाई झालं हे. मुद्दाम केलं."

तेव्हा मला भीती वाटली. मारतील याची थोडी, पण जास्त भीती वेगळीच होती. मी जातपात न मानणारा, नव्या युगाचा, ग्राफिक्सवाला माणूस, आणि माझ्याबद्दल कोणी असं म्हणतंय. माझी एवढी सुंदर प्रतिमा माझ्याच टेबलावर फुटत होती. ती वाचवायला मी तोंड उघडलं.

"प्रूफ दादांनीच पाहिलं होतं," मी म्हणालो.

सगळे माठाकडे वळले. दादा माझ्याकडे बघत होते. त्या नजरेत राग नव्हता. चुकीचं अक्षर हातात आलं तर ते जसे क्षणभर त्याच्याकडे बघत, कुठल्या खणातलं हे, तसे ते बघत होते. मला एका वाक्यात ते परत घेता आलं असतं. मी टेबलावरचा पेपरवेट सरळ केला.

"काहून गा?" मुलीच्या वडिलांनी विचारलं. "तुमी पाह्यलं होतं?"

"हो," दादा म्हणाले. "माह्याच नजरेतून सुटलं."

बाहेरचा माणूस असता तर भांडण झालं असतं. आपल्याच माणसानं केलं म्हटल्यावर ते गप्प झाले. त्याच दिवशी सदरमध्ये दादांनी सगळी पत्रिका खिळ्यांनी पुन्हा जुळवली, कापडातला ब्लॉक काढला आणि ट्रेडलवर छापून घेतली. त्यांनी मला हात लावू दिला नाही. लग्न व्यवस्थित झालं. मला आमंत्रण होतं, मी गेलो नाही.

वस्तीत मात्र दादांचं नाव पडलं. विहाराच्या कार्यक्रमांची पत्रकं ते वर्षानुवर्षं जुळवून देत, ती त्या वर्षी दुसरीकडे छापायला गेली. सायकलवरून जाताना पोरं मागून ओरडत, "ओ गणपतीवाले!" हे मला आमच्या ट्रेडलवाल्यानं सांगितलं, हसत हसत. मी त्याच्यावर भडकलो, आणि तो माझ्याकडे बघत राहिला. मी भडकायला कोण होतो?

मी सांगणार होतो. खरंच. लगीनसराई संपू दे, म्हणालो. मग पावसाळा झाला, मग दिवाळीची गर्दी. दादा रोज चार वाजता येत, ब्रोमाइडं वाचत, लाल खूण करत आणि माझ्याशी पूर्वीसारखंच बोलत. मी मनात म्हणायचो, यांना फार लागलेलं दिसत नाही. माणूस स्वतःला सोयीचं कसं वाचतो बघा. शहाऐंशीत मी सदरची जागा बंद केली. शिसं भंगारात वजनावर गेलं, आणि दादा घरी बसले. बुद्धाचा ब्लॉक तेवढा त्यांनी मागून नेला.

माझ्या मशीनचा रुबाबही फार दिवस टिकला नाही. दोन-तीन वर्षांत गल्लीबोळांत छोटे कॉम्प्युटर आले. ज्याला काल खिळा माहीत नव्हता तो आज डीटीपीची पाटी लावून बसला, आणि अख्खं पान पडद्यावर दाखवून गिऱ्हाइकाला थक्क करू लागला. माझ्या मशीनचा भाग बिघडला तर तो कुठं मिळेना. ऑपरेटर मुलगी दुसरीकडे गेली. एअरकंडिशनर बंद पडला तो मी दुरुस्तच केला नाही. एकोणनव्वदमध्ये मशीन विकायला काढलं, आणि घेणारा भंगारवालाच निघाला.

जागा रिकामी करताना खालच्या खणात त्या पत्रिकेच्या कामाचं पाकीट सापडलं. दादांच्या अक्षरातला मजकूर, वर 'नमो बुद्धाय', खाली दोन रेघा. त्याला टाचलेली त्या ब्रोमाइडची एक प्रत, आणि तिचा उजवा कोपरा कोरा. त्या पाकिटावर काम आल्याची आणि गेल्याची वेळ माझ्याच हातानं लिहिलेली होती; गेल्याची वेळ दुपारी दोनच्या आधीची, आणि दादा येत चारला. दादांना हे माहीत होतं. त्या सकाळी ते नुसते म्हणाले असते, "कागद काढा, खूण दाखवा," तर मी तिथंच नागडा झालो असतो.

मी पाकीट खिशात घातलं आणि स्कूटर काढली. वाटेत वाक्य घोकत होतो. प्रूफ यांनी पाहिलं नव्हतं, मी खोटं बोललो. इतकंच म्हणायचं होतं.

दादा ओट्यावर बसले होते. केस पांढरे झाले होते, पण बोटं तशीच, मांडीवर हलत होती. त्यांच्या बायकोनं खुर्ची आणली. मी बसलो नाही. म्हणालो, "दादा, त्या मुलीच्या वडिलांना बोलवा. मला तुमच्यासमोर त्यांना काही सांगायचंय."

दादांनी दोन घरं पलीकडे हाक मारली. ते आले. मला ओळखलं, नमस्कार केला. बायको दारात उभी राहिली. समोरच्या घरातले दोघंही ओट्यावर आले. सगळे थांबले होते.

मी खिशात हात घातला. पाकीट हाताला लागलं. आणि मी म्हणालो, "मुलगी बरी आहे ना तुमची?"

"मजेत आहे," ते म्हणाले. "दोन लेकरं झाले तिले." आणि ते पुढचं ऐकायला थांबले.

मी पाकीट खिशातच सोडलं आणि रिकामा हात बाहेर काढला.

"भाऊ मशीन विकून राहिले," दादा म्हणाले. "रामदासपेठेतलं बंद करून राहिले. तेच सांगाले आले सगळ्यायले."

"असं काय?" मुलीचे वडील हळहळले. चांगलं मशीन होतं म्हणाले. थोडा वेळ महागाईवर बोलले आणि गेले. मी चहा प्यालो. कसा प्यालो ते विचारू नका.

दादा स्कूटरपर्यंत सोडायला आले. तिथं, आजूबाजूला कोणी नाही असं पाहून, ते हळूच बोलले.

"भाऊ, वस्तीचं मनाले नका लावू. लोकं इसरले. मले गणपतीवाले म्हणत ते पोट्टे आता कामधंद्याले लागले. पण मी छप्पन साली सगळ्यायसमोर शब्द देल्ला होता. खोटं बोलणार नाई. एकोणतीस वर्षं पाळला. तुमच्यासाठी मोडला त्या दिवशी. आज पुन्हा मोडला."

इतकी वर्षं मी समजत होतो की मी त्यांची अब्रू घालवली. ती तर परत येणारी गोष्ट होती.

"दादा," मी म्हणालो, "उद्या येतो. उद्या त्यांना सगळं सांगतो. अगदी नक्की."

माझे वडील गिऱ्हाइकाला 'उद्या' म्हणाले, की दादा जसे मान खाली घालून आपल्या केसकडे वळत, तसे ते घराकडे वळले.

मी गेलो नाही.